नवं पिल्लू रात्री रडतं तेव्हा: पहिल्या काही रात्रींचं काय करायचं

विचारलेलं थोडक्यात असं आहे. 9 आठवड्यांचं कुत्र्याचं पिल्लू घरी येऊन तीन दिवस झाले. दिवसा मजेत असतं, खातं, खेळतं. रात्री स्वयंपाकघरात अंथरूण घालून दार लावलं की रडू सुरू, ते थेट दमून गप्प होईपर्यंत. घरातली अर्धी माणसं म्हणतात, लक्षच देऊ नका, चार दिवसांत आपोआप थांबेल. उरलेली म्हणतात, जवळ घेऊन झोपा. जवळ घेतलं तर जन्माची सवय लागेल ही धास्ती. मग करायचं काय?

आधी सरळ उत्तर देते. आज रात्रीपासूनच पिल्लाला तुमच्या झोपायच्या खोलीत आणा. पलंगावर नको, पलंगाच्या शेजारी, झोपल्या झोपल्या हात खाली सोडला तर त्याला लागेल इतक्या अंतरावर. बहुतेक पिल्लांचं रडणं एवढ्यानेच बरंचसं ओसरतं. सवयीचं काय, ते पुढे सांगतेच.

हे पिल्लू तुमच्याकडे येईपर्यंत एकदाही एकटं झोपलेलं नाही. भावंडांच्या ढिगात, कुणाच्या पोटावर डोकं, कुणाचा पाय आपल्या तोंडावर, हीच त्याची झोप. तिथून उचलून आपण त्याला अनोळखी घरात आणतो, अनोळखी वासांमध्ये ठेवतो आणि दिवा मालवून दार लावून घेतो. या वयाचं पिल्लू कळपापासून सुटलं तर जगत नाही, म्हणून एकटं पडल्यावर हाक मारत राहणं त्याच्यात जन्मतःच असतं. त्याला हट्ट म्हणू नका, आणि ‘आपल्याला खेळवतंय’ असंही समजू नका. आपल्याला कसं नाचवायचं याचा हिशेब करण्याइतकं ते तुम्हाला अजून ओळखतसुद्धा नाही.

यावर अभ्यासही झाला आहे. अमेरिकेत बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पिल्लांच्या वाढीचा अनेक वर्षं अभ्यास केला. साधारण 3 ते 12 आठवड्यांच्या काळात पिल्लू कुणाशी नातं जोडायचं आणि कशाला भ्यायचं हे शिकतं, ही मांडणी त्यांच्या कामातून रुजली. पुढे 1977 मध्ये स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळ्या ठेवलेल्या पिल्लांचं रडणं कशाने कमी होतं ते तपासलं. खाणं ठेवून काही उपयोग झाला नाही, खेळण्यांनी थोडा फरक पडला, आणि सगळ्यांत जास्त गुण आला तो माणसाच्या सोबतीने. म्हणजे पिल्लाजवळ खाऊचा वाडगा आणि चार खेळणी ठेवून दार लावायचं, हा उपाय कमी का पडतो ते लक्षात येईल.

आता ‘दुर्लक्ष करा’ या सल्ल्याबद्दल. तो इतका टिकून आहे याचं कारण तो लागू पडल्यासारखा दिसतो. पिल्लू तीन-चार रात्रींत खरंच गप्प होतं. पण ती शांतता निर्धास्तपणाची असते की हाक मारून उपयोग नाही हे कळल्याची, ते बाहेरून ओळखता येत नाही. काही पिल्लं त्यातूनही व्यवस्थित मोठी होतात, हे मी नाकारत नाही. काहींना मात्र त्या खोलीचीच, त्या पिंजऱ्याचीच भीती बसते, आणि पुढे एकटं ठेवायची वेळ आली की दारं ओरबाडणं, पंजे रक्ताळणं, घरभर शी-शू असे प्रकार सुरू होतात. सगळ्यांत वाईट म्हणजे मधला मार्ग: तास-पाऊण तास कान बंद करून घ्यायचे आणि मग न राहवून जायचं. त्यातून पिल्लू एकच गोष्ट पक्की शिकतं, की पाऊण तास रडलं की माणूस येतो. जायचंच असेल तर पहिल्या दोन मिनिटांत जा.

जागा कशी करायची ते बघू. क्रेट, म्हणजे पिल्लाला झोपवायचा जाळीचा पिंजरा, वापरत असाल तर त्यात पिल्लाला उभं राहता आलं पाहिजे, गोल वळता आलं पाहिजे, पाय ताणून आडवं होता आलं पाहिजे. त्याहून फार मोठा घेतला तर एका कोपऱ्यात झोप आणि दुसऱ्या कोपऱ्यात शू अशी वाटणी ते करून टाकतं. क्रेट मोठाच असेल तर आत आडोसा लावून जागा कमी करा. क्रेट नसेल तर चहूबाजूंनी घेरलेली छोटी जागाही चालते, आणि अगदी पहिल्या रात्रींसाठी उंच कडांचं मजबूत खोकंसुद्धा चालून जातं. रात्री पट्ट्याने कशाला बांधून मात्र ठेवू नका, गळ्यात गुंता होतो. क्रेटमध्ये गळपट्टाही काढूनच ठेवायचा, गजात अडकू शकतो.

आत जुनी चादर किंवा टॉवेल पुरतो. पिल्लू कापड फाडून गिळणारं असेल तर तेही नको. पिल्लू जिथून आणलं तिथे आईच्या आणि भावंडांच्या अंगाखालचं एखादं कापड मिळत असेल तर अजूनही मागून आणा, आणि कृपा करून ते धुऊ नका. नाही मिळालं तर तुम्ही दिवसभर घातलेला टी-शर्ट टाका. भावंडांची ऊब गेलेली असते, म्हणून गार हवेत कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून एका बाजूला ठेवता येते, फक्त गरम वाटलं तर बाजूला सरकायला जागा राहू द्या आणि बाटली चावत असेल तर काढून घ्या. वायरवाली गरम गादी नकोच, या वयात वायर दिसली की दात लागतोच. घड्याळाची टिकटिक, हृदयाच्या ठोक्यांचं खेळणं, दूध पाजणाऱ्या कुत्रीच्या अंगच्या गंधासारखा कृत्रिम गंध सोडणारी उपकरणं या सगळ्यांबद्दल मला नेहमी विचारतात. वापरायला हरकत नाही. एखाद्या पिल्लाला फरक पडतो, एखाद्याला पडत नाही, पण माणसाच्या जागी यातलं काहीच चालत नाही.

आणि हो, त्या जागेची ओळख रात्रीच पहिल्यांदा करून देऊ नका. दिवसा दार उघडं ठेवून आत खाऊ टाका, जेवण तिथेच द्या, खेळून पेंगुळलं की उचलून आत ठेवा. झोपेत गेल्यावर दार अलगद लोटा आणि ते जागं व्हायच्या आत उघडा. असं दिवसातून काही वेळा झालं की रात्री तीच जागा परकी राहत नाही.

पहिली रात्र साधारण अशी जाते. शू करवून आणलं, आत ठेवलं, दिवा घालवला. पाच मिनिटांत कुईकुई सुरू. हात खाली सोडा आणि बोटं जाळीला लावून ठेवा. बोलू नका, थोपटू नका, ‘काय झालं बाळा’ तर अजिबात नको, कारण आवाज ऐकला की ते खेळायच्या तयारीत उठून बसतं. नुसता हात. ते येऊन हुंगेल, चाटेल, कदाचित चावेलही. मग नाक बोटांना टेकवून पडेल. थोड्या वेळाने एक लांब सुस्कारा ऐकू येईल, त्यानंतर अंग सैल सुटतं. तरी लगेच हात काढू नका, श्वास संथ होऊ द्या. झोपेत पाय झटकले, बारीक भुंकलं, मिशा हलल्या तर ते स्वप्न आहे, उठवू नका. रडतंय समजून त्याला जागं करणारे मालक मी पुष्कळ पाहिले आहेत.

रात्रीचं सगळंच रडणं सारखं नसतं, आणि कान तयार करणं हे या आठवड्यातलं तुमचं खरं काम. एक असते कुरकुर: हलक्या आवाजात, तुटक, मध्ये मध्ये थांबून ऐकणारी. तिच्यातलं थांबण्याचं अंतर वाढत जात असेल तर पिल्लू झोपेकडे चाललंय, तुम्ही हात ठेवून पडून राहा. दुसरं रडणं झोपेतून उठल्यावरचं. छान झोपलेलं पिल्लू अचानक उठतं, आत गोल फिरतं, जमीन हुंगतं, दार खरवडतं आणि छोट्या, टोकदार हाका मारतं. ही शू आहे, उठा, वाट बघू नका. तिसरी घबराट. आवाज चढत जातो, मध्ये थांबत नाही, धापा लागतात, लाळ गळते, गज चावले जातात. इथे एक मिनिटही ताणू नका. दार उघडा, खाली बसा, त्याला अंगाला टेकू द्या. या अवस्थेत कुठलंही पिल्लू काहीही शिकत नाही, शिकत असेल तर एवढंच की ही जागा वाईट आहे. पूर्ण शांत झालं की मग परत आत, आणि या वेळी दार उघडं ठेवून तुम्ही त्या रात्रीपुरते खालीच गादी टाकून झोपा. दोन-तीन रात्रींचा प्रश्न असतो.

शूचं गणित वेगळं समजून घ्यायला हवं, कारण ‘रात्री रडतं’ म्हणून आलेल्या तक्रारींत मला निम्म्या वेळा नुसती भरलेली लघवीची पिशवी सापडते. ढोबळ हिशेब असा: पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवा, तेवढे तास ते दिवसा कसंबसं धरू शकतं. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाचे तीन तास. झोपेत थोडं जास्त निभतं, पण या वयाच्या पिल्लाने सकाळपर्यंत धरावं ही अपेक्षा चुकीची. म्हणून त्याने रडून तुम्हाला उठवण्याआधी तुम्ही गजर लावून उठा. शेवटच्या शूनंतर साडेतीन-चार तासांनी एक गजर, गरज वाटली तर पहाटे आणखी एक. याने शू होतेच, शिवाय रडलं की दार उघडतं हा संबंध पिल्लाच्या डोक्यात जुळत नाही. दोन-तीन रात्री कोरड्या गेल्या की गजर पंधरा-वीस मिनिटांनी पुढे ढकला. चार महिन्यांच्या आसपास बरीच पिल्लं सलग झोपायला लागतात, छोट्या जातींना जास्त वेळ लागतो.

मध्यरात्रीची ती फेरी अत्यंत कंटाळवाणी व्हायला हवी. मोठा दिवा लावू नका. पिल्लाला उचलूनच न्या, चालवत नेलं तर वाटेतच होतं. ठरलेल्या जागी खाली ठेवा, पट्टा लावा आणि स्वतः खांबासारखे उभे राहा. ते तुमच्या पायजम्याशी खेळेल, पान चघळेल, अंधारात कान टवकारेल. तुम्ही काही करायचं नाही. तीन-चार मिनिटांत ते हुंगत गोल फिरू लागेल आणि बसेल. पूर्ण झाल्यावर, म्हणजे ते उठून उभं राहिल्यावर, हळू आवाजात एक ‘शाब्बास’ आणि तळहातावरचा एक छोटा तुकडा. बसलेलं असताना कौतुक सुरू केलं तर ते अर्ध्यात सोडून तुमच्याकडे धावतं आणि उरलेली शू अंथरुणात होते. मग सरळ आत. पाच मिनिटांत काहीच झालं नाही तरी आत, आणि दहा मिनिटांनी पुन्हा एकदा. ही जागा इतर कुत्री फिरत नाहीत अशी निवडा. लसीकरणाचे डोस साधारण 16 आठवड्यांपर्यंत चालू असतात आणि पार्व्होचा, म्हणजे उलट्या-जुलाबांच्या जीवघेण्या आजाराचा, विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो.

आत शू झालीच तर रागावू नका, नाक घासणं वगैरे तर अजिबात नाही. कापड बदला, जागा एन्झाइमवाल्या क्लीनरने पुसा. अमोनियाचा वास असलेला क्लीनर नको, तो पिल्लाला शूसारखाच वाटतो.

रात्रीची अर्धी तयारी संध्याकाळी होते, आणि इथे लोक हमखास उलटं करतात. ‘खूप दमवलं की छान झोपेल’ म्हणून रात्री नऊपर्यंत बॉल, पाहुणे, मुलांचा दंगा. पिल्लाला दिवसाला 18 ते 20 तास झोप लागते. ती दिवसा मिळाली नाही की संध्याकाळी ते पिसाट सुटतं, घरभर धावतं, पायांना चावतं, आणि आपल्याला वाटतं अजून ताकद शिल्लक आहे. प्रत्यक्षात ते अतिथकलेलं असतं, आणि अतिथकलेलं पिल्लू नीट झोपत नाही. म्हणून दिवसा तासभर जाग आणि मग दीड-दोन तास झोप असं काहीसं चक्र ठेवा. शेवटचं जेवण झोपण्याच्या दोन-तीन तास आधी. अगदी चिमुकल्या जातींमध्ये साखर पटकन उतरते, त्यांना निजताना थोडंसं खायला दिलेलं बरं. पाणी संध्याकाळपासून बंद करू नका, फार तर शेवटच्या तासाभरात वाडगा उचला, तोही गरम हवेत नाही. झोपण्याआधीच्या अर्ध्या तासात चघळायला काहीतरी द्या. चघळण्याने आणि चाटण्याने पिल्लू शांत होतं, धावण्याने नाही.

आता सवय. जवळ झोपलेलं पिल्लू कायम जवळच झोपेल का? तुम्हाला तसं हवं असेल तर झोपेल, नको असेल तर नाही. पाच-सात रात्री सलग शांत गेल्या की क्रेट हातभर लांब सरकवा. दोन-तीन रात्री तिथेच ठेवा. मग खोलीच्या मध्यावर, मग दाराशी, मग दार उघडं ठेवून बाहेर, मग जिथे कायमचं झोपवायचंय तिथे. एखाद्या टप्प्यावर रडू लागलं तर एक पाऊल मागे या, सगळंच सोडून देऊ नका. महिनाभर लागतो, कधी जास्त. एकटं राहायला शिकवायचं असतंच, पण ते दिवसा, मिनिटा-मिनिटाने, पिल्लू पोटभर जेवलेलं आणि पेंगुळलेलं असताना. रात्री दोन वाजता अंधारात तो धडा घेऊ नये.

पलंगावर घेऊन झोपणं हा काही गुन्हा नाही, पुष्कळ लोक झोपतात आणि कुत्री त्याने बिघडत नाहीत. पण एवढ्या लहान पिल्लाला घेऊ नका. उंचावरून उडी मारून पुढच्या पायाचं हाड मोडणं छोट्या जातींमध्ये नेहमीचं आहे, आणि झोपेत अंगाखाली येण्याचा धोका वेगळाच. शिवाय आज घ्यायचं, उद्या नवीन चादर म्हणून उतरवायचं, हे त्याला कळत नाही.

घरात मोठं कुत्रं असेल तर ‘त्याच्याजवळ झोपवू का’ असा प्रश्न येतो. पहिल्या रात्री नको. जाळीच्या पलीकडून एकमेकांना दिसतील, वास येईल असं ठेवा. मोठ्यालाही त्याची झोप प्यारी असते, आणि तो गुरगुरला तर दोष त्याचा नाही.

झोपेचं म्हणून माणसांचं कुठलंही औषध देऊ नका. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, सर्दी-खोकल्याची औषधं यांतली बरीच कुत्र्यांसाठी विषासारखी असतात. झोपेच्या चघळायच्या गोळ्यांमध्ये झायलिटॉल नावाचा गोडवा असू शकतो, त्याने कुत्र्याची साखर जीवघेणी खाली जाते.

काही रडणं मात्र वर सांगितलेल्या कशातच बसत नाही. दिवसाही मलूल आहे, खात नाही, उलट्या होतात, जुलाबात रक्त आहे, असं असेल तर सकाळची वाट न बघता प्राण्यांच्या डॉक्टरांकडे जा, पार्व्होत तास मोलाचे असतात. पिल्लाचं गुदद्वारातून मोजलेलं तापमान साधारण 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस असतं. 39.5 च्या वर किंवा 37.5 च्या खाली असेल तर फोन करा. छोट्या जातीचं पिल्लू लटपटतंय, थरथरतंय, अंग टाकतंय असं दिसलं तर हिरड्यांना थोडा मध किंवा साखरेचं पाणी चोळा आणि निघा. दर अर्ध्या तासाला थेंब थेंब शू होत असेल, शू करताना कण्हत असेल तर तो संसर्ग असू शकतो, तिथे शिकवण्याने काही होणार नाही. पोट फुगलेलं आणि शी पातळ असेल तर जंतांचं औषध कधी दिलं होतं ते बघा.

8 आठवड्यांच्या आधीच आईपासून तोडलेल्या पिल्लांना हे सगळं जास्त दिवस लागतं. त्यांच्या बाबतीत क्रेट लांब सरकवायची घाई करू नका, पहिले दोन-तीन आठवडे पलंगाशेजारीच राहू द्या.

शेवटी तुमच्या झोपेचं बघा. घरात दोन मोठी माणसं असतील तर एकआड एक रात्र वाटून घ्या, आणि ज्याची पाळी नाही त्याने कानात बोळे घालून दुसऱ्या खोलीत झोपावं. फक्त दोघांनी मध्यरात्री करायचं ते सारखंच करा: एकाने हात खाली सोडायचा आणि दुसऱ्याने उचलून सोफ्यावर घेऊन टीव्ही लावायचा, असं झालं तर पिल्लू रोज रात्री सोफ्याचीच वाट बघेल.